नोंदवहीतले पाळकसाहेब आणि हत्यारपेटीतले बाबा: एका स्मरणपुस्तिकेचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण इंदूरमधील एका मराठी ख्रिस्ती कुटुंबाचे आहे. ओळख पटू नये म्हणून माणसांची नावे, खेड्यांची नावे आणि नेमकी वर्षे गाळली आहेत. घटनांचा क्रम मात्र जसा होता तसाच ठेवला आहे. कुटुंबप्रमुख इंदूरच्या दक्षिणेकडील पश्चिम निमाडातील खेड्यांमध्ये तीन दशकांहून अधिक काळ पाळक होते. निवृत्तीनंतर ते इंदूरला थोरल्या मुलाकडे राहायला आले आणि ऐंशी ओलांडल्यावर तेथेच वारले. त्यांच्या मागे पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी आणि नातवंडे आहेत. पहिल्या स्मृतिदिनी स्मरण उपासना करावी आणि त्या वेळी वाटण्यासाठी एक छोटी पुस्तिका काढावी, असे भावंडांनी ठरवले. मुलगी शाळेत माझी विद्यार्थिनी होती, त्यामुळे मजकूर नीटनेटका करून देण्याचे काम माझ्याकडे आले. मी स्वतः ख्रिस्ती नाही. हे सांगणे आवश्यक आहे, कारण पहिल्याच मसुद्यात मी पाळकसाहेबांच्या नावाआधी सवयीने ‘कै.’ लिहिले, आणि ज्या माणसाने आयुष्यभर प्रभूच्या घराचा उपदेश केला त्याला आपण कैलासाला पाठवत आहोत, हे माझ्या लक्षातही आले नाही. मुलीने ते हसत खोडले आणि ‘दिवंगत रेव्ह.’ असे लिहिले.

पाळकसाहेब मूळचे नगर जिल्ह्यातील. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, आणि ज्यांच्या नावाने ते झाले त्याही त्याच जिल्ह्यातील चोंडीहून माळव्यात आल्या, हे इंदूरच्या मराठी माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. पण नगरच्या खेड्यातील मुलगा निमाडात पाळक कसा झाला, हा प्रश्न नातवंडांना पडला होता. नगरला १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनचे काम होते, तर इंदूरला कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनचे काम १८७७ मध्ये सुरू झाले. ही दोन वेगळी घराणी १९२४ मध्ये युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया या एका छत्राखाली आली, त्यामुळे नगरच्या तरुणाला माळवा-निमाडात सेवा पत्करणे परक्या घरी जाण्यासारखे राहिले नव्हते. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा मंडळ्यांच्या (चर्चसंस्थांच्या) मीलनातून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया अस्तित्वात आले, आणि पाळकसाहेबांच्या सेवेच्या मध्येच त्यांच्या कागदांवरील शिक्का बदलला. थोरल्या मुलाला एवढ्यावरून वडिलांनी मधेच पंथ बदलला की काय, अशी शंका बरीच वर्षे होती. ती या कामात सहज फिटली.

अडचण

थोरल्या मुलाने एक पान लिहून आणले होते. त्यात जन्म, शिक्षण, दीक्षा, नेमणुकांची गावे, निवृत्ती, निधन, परिवार आणि शेवटी पवित्र शास्त्रातील एक वचन होते. त्यात चुकीचे काही नव्हते. मुलगी ते वाचून एवढेच म्हणाली, “दादा, नाव बदललं तर हे कोणत्याही पाळकाचं होईल.” धाकटा पीथमपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये काम करतो. त्याच्या आठवणीतील बाबा व्यासपीठावर नव्हतेच. ते ओसरीवर रंधा मारताना, हार्मोनियमचा भाता उलगडून बसलेले, किंवा सायकलची चेन तेलात बुडवताना दिसत. त्याला पुस्तिका या बाबांचीच हवी होती.

हा केवळ आवडीनिवडीचा वाद आहे, असे मी सुरुवातीला समजलो, आणि दोन्ही गोष्टी अर्ध्या-अर्ध्या घालून देण्याचा सोपा मार्ग सुचवला. थोरल्याने तो ठामपणे नाकारला. त्याचे कारण तिसऱ्या भेटीत समजले. एका गावी असताना स्थानिक समितीतील कोणीतरी, पाळक बाहेरची सुतारकीची कामे करून मोबदला घेतात, अशी लेखी तक्रार वर केली होती. थोरला तेव्हा शाळकरी वयाचा होता आणि घरातील त्या दिवसांचे मौन त्याच्या लक्षात राहिले होते. हत्यारांच्या गोष्टी छापल्या की जुन्या लोकांना ते आठवेल, अशी त्याची भीती होती. धाकट्याला मात्र या तक्रारीची गंधवार्ताही नव्हती.

याखेरीज दोन लहान पेच होते. पहिला जन्मतारखेचा. शाळेच्या दाखल्यावर १ जून ही तारीख होती. ज्या पिढीत घरात तारीख ठाऊक नसे, तेव्हा गुरुजी हीच तारीख घालत, त्यामुळे ती वाचताच माझा विश्वास उडाला. मूळ गावच्या मंडळीच्या, म्हणजे तेथील चर्चच्या, नोंदवहीत त्यांचा बालबाप्तिस्मा त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात झाल्याची नोंद मिळाली, म्हणजे जूनमधील जन्म शक्यच नव्हता. दुसरा पेच भाषेचा. घरची भाषा मराठी, पण ज्या मंडळीपुढे त्यांनी आयुष्य घालवले ती हिंदी वाचणारी आणि निमाडी बोलणारी. नातवंडे हिंदी-इंग्रजीत शिकलेली.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय थोरल्याचाच होता: रीतसर जीवनपट. तो सुरक्षित होता, खर्च कमी होता, आणि उपासनेत पाच मिनिटांत वाचता आला असता. दुसरा पर्याय मुलीने मांडला: ओळखीच्या वीस-पंचवीस जणांकडून आठवणी मागवायच्या. मी शाळेच्या स्मरणिका बऱ्याच संपादित केल्या आहेत, आणि अनुभवाने सांगतो की मागवलेल्या आठवणींत ‘मनमिळाऊ’, ‘कष्टाळू’ आणि ‘सदा हसतमुख’ हे तीन शब्द एवढ्या वेळा येतात की माणूस त्याखाली गाडला जातो. तरीही आम्ही सहा जणांना पत्रे पाठवली. चार उत्तरे आली, आणि त्यांत हेच तीन शब्द होते.

तिसरा पर्याय धाकट्याच्या हट्टातून निघाला. त्यांनी बनवलेल्या किंवा दुरुस्त केलेल्या वस्तू शोधायच्या, एकेका वस्तूला एकेक पान द्यायचे, आणि नेमणुकांची यादी शेवटच्या पानावर घालायची. यात धोका असा होता की उपदेश, प्रार्थना, आजाऱ्यांच्या भेटी या गोष्टींची वस्तू होत नाही, आणि त्या बाजूला पडून पाळकाऐवजी सुताराचे स्मरण झाले असते. निर्णय लगेच घेतला नाही. आधी निमाडात जाऊन काय शिल्लक आहे ते पाहावे, एवढेच ठरले. हे पुढे ढकलणे फायद्याचे ठरले.

साहित्य जमवताना

थोरला, धाकटा आणि मी दोन दिवस त्यांच्या तीन जुन्या गावांत फिरलो. पहिल्या गावात हार्मोनियम होती. पावसाळ्यात लाकूड फुगून पट्ट्या अडकत, म्हणून पाळकसाहेबांनी प्रत्येक पट्टीची कड कानशीने किंचित उतरवली होती आणि भात्याच्या घड्यांवर नवे चामडे सरसाने बसवले होते. ते चामडे आजही फाटलेले नाही. दुसऱ्या गावात गॅसबत्तीचे खोके होते. नाताळच्या रात्रीची भक्ती आसपासच्या पाड्यांवर होई, आणि एकदा पेटलेली बत्तीची जाळी म्हणजे नुसती राख असते. खडबडीत वाटेवर सायकलच्या एका धक्क्यात ती गळून पडते. त्यावर उपाय म्हणून त्यांनी खोक्याच्या आतून चारही बाजूंनी कापूस भरून गादी केली होती. निमाडात कापसाला तोटा नव्हता. बत्ती केव्हाच गेली, पण ते खोके एका घरात मिरच्या ठेवण्यासाठी वापरात आहे.

तिसऱ्या गावात मंडळीबाहेरची माणसे भेटली, आणि त्यांनी सांगितलेली गोष्ट हापशाची होती. इंडिया मार्क टू जातीच्या हापशाचे आतील चामडी वॉशर झिजले की ते बदलण्यासाठी पाइपांची अख्खी लड वर ओढावी लागते. ते एकट्यादुकट्याचे काम नाही. सरकारी मेकॅनिक आठवडे-आठवडे येत नसे. पाळकसाहेबांनी ते काम पाहून शिकून घेतले, नट खोलायचे पाने जमवले, आणि लड ओढायला गावातील जी माणसे हाताला लागतील ती घेतली. एक म्हातारे शेतकरी म्हणाले की एरवी एकमेकांच्या भांड्याला न शिवणारे लोक त्या पाइपाला मात्र एकत्र हात लावत, आणि ‘पादरीसाहेब’ मोजणी निमाडीत करत. थोरला इथे पहिल्यांदा काही न बोलता लिहून घेऊ लागला.

इंदूरला परतल्यावर एक नुकसान ध्यानात आले. निधनानंतर महिन्याभरात हत्यारांची वाटणी झाली होती: रंधा आणि पटाश्या धाकट्याकडे, गिरमिट जावयाकडे, वाकस ओळखीच्या सुताराने नेली. मूळ पेटीला वाळवी लागली होती म्हणून ती भंगारात दिली. पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, कोणते हत्यार कोणाला उसने दिले याची पेन्सिलीने केलेली अनेक वर्षांची नोंद होती. त्या झाकणाचे छायाचित्र कोणी काढले नव्हते.

वहीतील मापे

पत्र्याच्या ट्रंकेत हिशेबाची एक लांबट वही मिळाली. शेवटच्या पानांवर इंचांतील मापांच्या जोड्या होत्या, प्रत्येकीपुढे एक अक्षर आणि महिना: ७० × २०, ४४ × १४, २६ × १०. धाकट्याने त्या खिडक्यांच्या चौकटी असाव्यात असा अंदाज केला, आणि तो मी मसुद्यात तसाच लिहून टाकला.

येथे आमची सर्वांत मोठी चूक मान्य केली पाहिजे. त्या वेळेपर्यंत दोन महिने उलटले होते, आम्ही तीन गावे फिरलो होतो, सहा जणांना पत्रे लिहिली होती, आणि शेजारच्या खोलीत बसलेल्या मुलांच्या आईंना कोणीही व्यवस्थित विचारले नव्हते. ‘आईला त्रास नको’ हे कारण प्रत्येकजण देत होता आणि मीही ते स्वीकारले होते. वहीतील एक अक्षर लागेना म्हणून मुलीने वही त्यांच्यासमोर धरली. त्यांनी चष्मा लावून पान पाहिले आणि म्हणाल्या, “खिडक्या नाहीत त्या. हा शेवटचा आकडा बघ. दहा इंचांची खिडकी असते का कुठं?”

त्या शवपेट्या होत्या. जवळपास तयार पेटी मिळण्याची सोय नव्हती आणि उन्हाळ्यात थांबायला वेळ नसे. निरोप आला की पाळकसाहेब सुतळीने माप घेऊन येत, रात्री ओसरीवर फळ्या रंधून पेटी जोडत, आणि सकाळी तीच माणसे बरोबर घेऊन दफनविधी करत. पुष्कळदा फळ्या खोक्यांच्याच असत. त्या रात्री मुलांना ओसरीवर येऊ द्यायचे नाही, असा घरचा नियम होता. मुलीला लहानपणापासून रात्री रंध्याचा आवाज ऐकत झोपल्याचे आठवत होते आणि बाबा आपल्यासाठी काहीतरी करत आहेत असे तिला वाटे. ते पूर्ण खोटेही नव्हते, कारण तिचे खेळण्यातले पोळपाट-लाटणे उरलेल्या तुकड्यांचेच होते.

त्यानंतर आई तीन दुपारी बोलल्या. मी अकरा पाने टिपून घेतली. धाकट्याने कौतुकाने “बाबांना सुतारकीची केवढी हौस होती” असे म्हटल्यावर त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, “हौस कसली, सर. पगारात भागत नव्हतं. याची फी, त्याची पुस्तकं, आणि पगार कधी दोन-दोन महिने यायचा नाही.” पहिली तीन हत्यारे त्यांच्या शिवणाच्या पैशांतून आली होती. लोकांची दारे, शिवणयंत्रे, खाटा दुरुस्त करून पाळकसाहेब रोख किंवा ज्वारी घेत. देऊळघरचे (चर्चचे) कोणतेही काम आणि शवपेटी यांचे मात्र कधी घेतले नाही. तक्रारीला त्यांनी दिलेल्या उत्तराची कच्ची प्रत आईंनी शास्त्राच्या पुठ्ठ्याच्या कव्हरातून काढून दिली. त्यात हेच चार ओळींत लिहिले होते. प्रकरण पुढे गेले नाही. आई आणखीही बोलल्या: पावसाळ्यात पाड्यांवर गेलेला माणूस नदी उतरेपर्यंत परत येत नसे, आणि धाकट्याच्या गोवराच्या वेळी ते घरी नव्हते. जन्माचा पेचही त्यांनीच सोडवला. सासूबाई सांगत की शाळूची काढणी चालू असताना हा झाला. म्हणजे हिवाळ्याच्या अखेरीस, आणि मार्चमधील बाप्तिस्म्याशी ते नीट जुळत होते.

निर्णय

आता तिसरा पर्याय उघडच योग्य होता, कारण वस्तूंमुळे पाळकपण झाकले जाईल ही भीती शवपेट्यांनी दूर केली होती. तरी तीन गोष्टी ठरवायच्या राहिल्या.

तक्रारीचे काय करायचे, यावर थोरला अजून अडून होता. इंदूरच्या मंडळीचे सध्याचे पाळक उपासनेच्या तयारीसाठी घरी आले तेव्हा त्याने त्यांना विचारले. त्यांनी प्रेषितांच्या कृत्यांचा १८वा अध्याय काढून दाखवला, जेथे पौल राहुट्या शिवण्याच्या धंद्यावर पोट भरताना दिसतो, आणि विचारले की तुमच्या वडिलांनी वेगळे काय केले. त्यावर थोरल्याने तक्रारीचा उल्लेख नको, पण कारण लिहावे, एवढे मान्य केले. वाक्य आईंनी सांगितले तसेच छापले: “पगारात घर भागत नव्हते, म्हणून त्यांनी सुतारकी केली, आणि त्याची त्यांना लाज नव्हती.”

वहीतील मापे अक्षरांसह छापावीत, असे धाकट्याचे मत होते. मी विरोध केला. लहान गावात एक अक्षर आणि एक महिना यांवरून घर ओळखता येते, आणि २६ इंचांचे माप कोणाचे होते हे जगजाहीर करण्याचा अधिकार आमचा नव्हता. शेवटी पानाचे छायाचित्र न देता केवळ एक परिच्छेद लिहिला. पोळपाट-लाटण्याची गोष्ट मुलीने गाळायला सांगितली आणि ती गाळली. येथे ती तिच्या संमतीने आली आहे. गोवराची गोष्ट मात्र आईंच्या आग्रहाने राहिली.

भाषा मराठी ठेवली, कारण ज्यांच्यासाठी हे प्रथम लिहायचे त्या आई मराठीच वाचतात. निमाडासाठी हिंदीतील दोन पानी घडीपत्र वेगळे काढले. जन्मतारखेच्या जागी केवळ वर्ष आणि ‘शाळूच्या काढणीत’ हे शब्द घातले, त्याखाली बाप्तिस्म्याचा दिवस दिला.

परिणाम

पुस्तिका २४ पानांची झाली आणि १५० प्रती छापल्या. इंदूरच्या उपासनेत थोरल्याने हापशाचे पान स्वतः वाचले. निमाडातील उपासनेत घडीपत्र वाचून झाल्यावर एक वृद्ध गृहस्थ धाकट्याजवळ आले आणि आपल्या मुलीचे माप वहीत आहे का, असे विचारू लागले. अक्षर आणि महिना जुळले. धाकट्याने दुसऱ्या आठवड्यात त्या एका ओळीची छायाप्रत त्यांना नेऊन दिली. सगळ्यांना पुस्तिका आवडली असे नाही. इंदूरच्या एका वडीलमंडळींनी उपदेशांविषयी एकही पान नसल्याचे बोलून दाखवले. त्यांचे म्हणणे मला रास्त वाटते. ट्रंकेत उपदेशांची टिपणे होती, पण ती वाचण्याइतका वेळ आम्ही ठेवला नव्हता.

पुन्हा करायचे झाले तर

आईंशी पहिल्या आठवड्यात बोललो असतो, आणि त्यांचे बोलणे फोनवर ध्वनिमुद्रित केले असते. माझ्या अकरा पानांत त्यांचे शब्द आहेत, पण नगरकडचा हेल नाही. हत्यारांची वाटणी करण्याआधी पेटी उघडून, झाकणासह, जशी आहे तशी टिपून घ्यायला हवी होती. शंका असलेला अंदाज मसुद्यात वाक्य म्हणून लिहायला नको होता. ‘खिडक्यांच्या चौकटी’ हा मजकूर छापखान्यात जायला चारच दिवस उरले होते. थोरल्याचा विरोध हा रुचीचा प्रश्न नसून जुन्या दुखण्याचा आहे, हे ओळखायला मला तीन भेटी लागल्या. एकेका भावंडाशी स्वतंत्र बसलो असतो तर ते पहिल्याच भेटीत कळले असते.

मूळ वही सध्या धाकट्याकडे आहे. निमाडातून आणखी दोन कुटुंबांनी मापांची चौकशी केली आहे, आणि प्रत्येक वेळी आईंना विचारूनच उत्तर द्यायचे, असे भावंडांनी ठरवले आहे.